उरलेला निळा

घरकुलाचा शेवटचा हप्ता
पंचायतीच्या संगणकात कुठेतरी अडकलाय
आणि गिलावा तीन भिंतींवर थांबलाय.
चौथी तशीच, उघड्या चिऱ्याची.
शेजारची उर्मिला म्हणाली,
"पावण्यांका तिकडे पाठ करून बसय."

केतकीच्या दुरेघी वहीच्या मागच्या पानावर
मी हिशोब मांडला.
ब्रश एक, पन्नास.
टर्पेंटाइन, सत्तर.
रंग
इथे पेन्सिलीचं टोक मोडलं.
म्हणजे बाबल्याने मोडलं,
पण वेळेवर मोडलं.

रंग उर्मिलाच्या घोवाने दिला,
होडी रंगवून उरलेला पाऊण डबा,
वर साय धरलेली.
"खाऱ्या पाण्यात टिकता ह्यो, वैनी."
मी म्हटलं, खाऱ्या पाण्याचं राहू दे,
आमच्याकडे दोन वर्षांचा मुलगा आहे
आणि त्याची बोटं आमटीत असतात.

हे बोटीवर. दहा दिवस तरी येणार नव्हते.

केतकीचा हात पोचेल तिथवर केतकी,
त्यावर स्टुलावर चढून मी.
मधे एक पट्टा राहिला,
तिला उंच आणि मला खाली,
तो दोघींनी भांडून रंगवला.
बाबल्याला वाटीत पाणी दिलं
आणि झिजलेला टूथब्रश.
तो चिऱ्याच्या भिंतीपाशी जायला बघायचा,
मी ओढून निळ्याकडे आणायची.
निळ्यावर पाणी काही दिसेना.
तरी रंगवत होता,
कामावर असल्यासारखा, जीभ बाहेर काढून.

तिसऱ्या भिंतीला रंग पुरेना.
टर्पेंटाइन वाढवत गेले,
कोपऱ्याशी येईतो
निळा असा पातळ झाला
की ओहोटी लागली म्हणावं.

आंब्याच्या दोन पेट्या मिळाल्या, फळ्या निसटलेल्या.
खिळे ठोकले, कपाट म्हटलं.
पेटीवर छापलेलं केतकीने अक्षर लावून वाचलं,
चा र ड झ न,
आणि मला विचारलं डझन म्हणजे किती.
मग बसून मोजून भरलं तिने.
खेळणी नऊ.
उरलेल्या एकोणचाळीस शिंपल्या.
त्यातली एक रिकामी नव्हती,
हे चौथ्या दिवशी वासावरून कळलं.

चिऱ्यावर मी साडी टांगली.
ओटीत आलेली, कधी न नेसलेली,
पोपटी, तिच्यावर मोठाली फुलं.
दारातून बघितलं.
वाईट नव्हतं.
खोटं का बोलू, मला आवडलं होतं.

हे आले तेव्हा दिवेलागण झाली होती.
अंगाला डिझेल, पिशवीत चार सौंदाळे.
केतकी म्हणाली, बाबा, आपण पाण्याच्या आत राहतो आता.
ह्यांनी सगळीकडे बघितलं.
पहिली भिंत, दुसरी, तिसरी,
ओहोटीचा कोपरासुद्धा.
"बरा झाला," म्हणाले.
मग ताट घेऊन
निळ्याकडे पाठ करून बसले,
आणि हात लांब करून
साडी एका बाजूला सारली.

मी काही बोलले नाही.
माझी मान दुखत होती दहा दिवसांची.

"धा दीस निळाच बघतंय गो," म्हणाले,
"जेवताना तरी जमीन दिसूंदे."

साडी दुसऱ्या दिवशी उतरवली.
तिची मोरीच्या दाराला पडदा झाली,
अर्धी फाडून, अर्धी ठेवून.
उर्मिला बघायला आली तेव्हा
तिला कुठे पाठ करून बसवायचं ते सुचेना,
ती उंबऱ्यावरच बसली.

बाबल्या मात्र वाटी घेऊन आला,
टूथब्रश घेऊन आला,
आणि ह्या वेळी त्याला कोणी ओढलं नाही.
चिऱ्यावर पाणी लागलं तिथे
लाल एकदम गडद झाला.
तो थबकला. ब्रशकडे बघितलं.
मग माझ्याकडे.
एवढ्या दिवसांत
त्याचा रंग पहिल्यांदाच उमटला होता.

वारा खाडीचा, दार उघडं.
एक चिरा रंगवून दुसऱ्यावर गेला
तोवर पहिला वाळला.
तो परत पहिल्यावर आला.
जेवायला हाक मारली,
नाही म्हणाला,
काम आहे.